नऊ तारांची जुडी

आमच्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही चालती वस्तू सुखानं चालू दिली नाही. हे मी रागानं म्हणत नाही. राग यायला अंगात थोडी ताकद लागते, आणि माझी ताकद त्यांच्या गाडीला धक्के मारण्यात केव्हाच संपली. घड्याळ, रेडिओ, शिलाई मशीन, शेजाऱ्यांच्या देव्हाऱ्यातला झिरोचा दिवा, जे जे बिनतक्रार चाललेलं असेल ते त्यांना संशयास्पद वाटे. "चालून राहिलं हे ठीक आहे," ते म्हणत, "पण काहून चालून राहिलं, ते पाहाले पायजे ना." आणि मग खिशातून पेचकस निघे. माझ्या लग्नात, म्हणजे त्यांच्या धाकट्या मेहुणीच्या लग्नात, मंगलाष्टकांच्या वेळी ते मांडवात नव्हते. लाउडस्पीकरच्या यंत्रामागे बसले होते. तिसऱ्या मंगलाष्टकाला आवाज गेला तो गेलाच. माझं लग्न अर्धं विजेवर आणि अर्धं भटजींच्या घशावर लागलं, आणि त्या दिवसापासून मी या गृहस्थांच्या तावडीत आहे.

ते नागपूरच्या एका सरकारी वर्कशॉपात मिस्त्री होते आणि मी शाळेत इंग्रजीचा मास्तर. दोघांचीही घरं मूळची विणकरांची. माझ्या आजोबांनी माग सोडला, त्यामुळे माझ्या हातांना खडूपलीकडे काही येत नाही. त्यांच्या घरी मात्र वडिलांपर्यंत माग चालू होता, आणि माझी समजूत अशी की पिढ्यान्‌पिढ्या बोटांत साठलेली ती सगळी चुळबुळ या एका माणसात एकदम उतरली. कुठल्याही यंत्राशी बोलताना ते लांब पेचकसाचं टोक यंत्राला टेकवत आणि मूठ कानाला लावत. एकदा मी तापानं पडलो होतो तेव्हा भेटायला आले आणि माझ्या पाठीलाच कान लावून बसले. "मास्तर, डाव्या बाजूनं मिसिंग आहे," असं त्यांनी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डाव्या फुफ्फुसाकडेच बोट दाखवलं, फक्त नाव लॅटिन सांगितलं.

त्यांच्याकडे एक गाडी होती. वर्कशॉपातून बाद झालेली, काळी, गोल पाठीची, पुढची सीट बाकासारखी सलग. आश्चर्य म्हणजे ती चाले. तिला एक काम नेमून दिलेलं होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी साडूंच्या वडिलांना, म्हणजे आबाजींना, उमरेडला त्यांच्या धाकट्या बहिणीकडे न्यायचं. आबाजींचं खुब्याचं हाड मोडून वाकडं बसलं होतं, त्यामुळे एसटीची पायरी त्यांना चढता येत नसे. आत्याबाई तर खाटेवरून उठून दारापर्यंत येत तेवढाच त्यांचा प्रवास. भावाबहिणीची भेट व्हायची ती या गाडीमुळेच. भेट म्हणजे काय, तर दोघं समोरासमोर बसत, ती विचारी "जेवला का दादा," हे म्हणत "जेवलो," आणि तासभर कोणी काही बोलत नसे. पण त्या तासासाठी आबाजी पुढचा महिना काढत.

अशी ही गाडी चांगली चालत होती, आणि नेमकं तेच साडूंना सहन होईना. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. कॉम्प्युटर हा शब्द नुकताच पानठेल्यापर्यंत पोचला होता. साडूंचा एक वर्गमित्र परदेशातून येताना इंजिनाचा कॉम्प्युटर घेऊन आला होता आणि स्वतःच्या गाडीला लावायचा कंटाळा येऊन त्यानं तो साडूंना देऊन टाकला. अ‍ॅल्युमिनियमचा जेवणाच्या डब्याएवढा डबा, त्यातून निघालेल्या नऊ रंगांच्या नऊ तारा आणि एक इंग्रजी पुस्तिका. सारी गल्ली तो पाहायला आली. समोरच्या काकूंनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि विचारलं, "हा करते काय गा?"

"इंजिनात ठिणगी कवा पाडाची, ते हा ठरवते," साडू म्हणाले.

"अन् पहिले कोण ठरवे?"

"पहिले ते आपल्या मर्जीनं पडे."

"मग मर्जी बरी होती," असं म्हणून काकू घरी गेल्या. एवढं मोलाचं मत मी पुढे दीड वर्षात कुणाकडून ऐकलं नाही.

डबा बसवण्यात अडचण अशी आली की नागपूरच्या उन्हाळ्यात तो इंजिनाजवळ ठेवला तर भाजून निघेल, असं साडूंचं मत पडलं. म्हणून तो आत, सीटखाली बसवायचा ठरला. तिथून इंजिनापर्यंत तारा पुरेनात. नऊच्या नऊ तारा कापून मध्ये तुकडे जोडायला हवे होते. साडू पकड घेऊन बसले. पहिला सांधा त्यांनी जोडला तो बोराएवढा झाला.

इथे आबाजींचं सांगितलं पाहिजे. त्याच वर्षी त्यांचा माग मोडला होता. सूत मिळेनासं झालं होतं, हातच्या लुगड्याला गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. मागाचं लाकूड गेलं, पाय सोडून बसायचा खड्डा बुजवून वर फरशी बसली. त्या दिवसापासून आबाजी त्या फरशीच्या कडेला बसून असत. बोलणं बंद, जेवणं नावापुरतं. मांडीवर ठेवलेल्या हातांची बोटं मात्र आपोआप हलत. सगळ्या घराला त्या बोटांकडे बघवत नसे. मलाही नसे.

तर पकडीनं जोडलेला तो सांधा आबाजींनी ओट्यावरून पाहिला. काठी घेऊन उठले, लंगडत गाडीपाशी आले आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा अख्खं वाक्य बोलले. "पकडीनं कोणी सांधा करत असते का?"

त्यांनी सुनेकडून चुलीतली राख मागवली. मागावर एक ताणा संपला की नव्या ताण्याची हजारो सुतं जुन्याला एकेक करून जोडावी लागतात. चिमटीला राख लावायची, दोन टोकं जुळवायची आणि पिळायचं. गाठ नाही, बोंड नाही. आबाजींनी तांब्याच्या तारांना तसंच केलं. राखेत बोट, चिमटी, पीळ. मी विचारलं, "आबाजी, राख कायले?" ते म्हणाले, "बोट घसरत नाही. अन् सांध्याले जीव येते." नऊ तारांचे दोन्हीकडचे मिळून अठरा सांधे त्यांनी अर्ध्या तासात केले. बोट फिरवलं तर कुठे जोडलंय ते कळू नये असे. वर साडूंनी काळी पट्टी चिकटवली, आणि सगळी जुडी आबाजींनी आपल्या हातच्या शेवटच्या लुगड्याच्या लाल काठानं गुंडाळून टाकली. गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. त्या दिवशी त्यांनी भाकर मागून घेतली, असं माझ्या मोठ्या मेहुणीनं डोळे पुसत सांगितलं. पुढच्या रविवारी उमरेडला जाताना ते पुढच्या सीटवर बसले आणि गुडघ्याशेजारून गेलेल्या त्या जुडीवर हात ठेवून बसले. आत्याबाईंना त्यांनी जी बातमी सांगितली ती अशी: "गाडी आता माह्या हातची आहे."

दोन महिने ती त्यांच्या हातची गाडी झकास चालली. तिसऱ्या महिन्यात बंद पडायला लागली.

आता माझ्या थकव्याची खरी हकीकत. दर रविवारी सकाळी साडेसातला साडूंची सायकल दारात वाजे आणि "मास्तर, जरा चला" असं ऐकू येई. त्यांचा 'जरा' दिवेलागणीला संपे. मी लागे तो त्या इंग्रजी पुस्तिकेसाठी. तिच्यात शेवटी दोष शोधण्याच्या चोवीस पायऱ्या दिल्या होत्या. मी बॉनेटशेजारी उभा राहून एकेक पायरी मराठीत सांगायची, त्यांनी ती करायची. मला इंजिनातलं काही कळत नव्हतं आणि त्यांना इंग्रजीतलं, त्यामुळे आमचं काम फार काळजीपूर्वक चाले. पहिली पायरी, बॅटरी तपासा. दुसरी, फ्यूज. तिसरी, कॉइल. असं सहापर्यंत जाऊन मी म्हणे, "सातवी पायरी. सगळे सांधे उघडून तपासा."

"ते झालं," साडू म्हणत. "आठवी वाचा."

"कवा झालं, भाऊजी?"

"झालं म्हटलं ना. आठवी."

हा त्यांचा हेकटपणा मी शाळेतल्या व्रात्य पोरांत पाहिलेला होता, त्यामुळे वाद घालत नसे. आठवीपासून चोविसावीपर्यंत मात्र त्यांनी काही म्हणजे काही सोडलं नाही. प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोलची टाकी उतरवून धुतली. टाकीतून कसला आवाज येतो ते ऐकायला मला डिक्कीत निजवून शहराबाहेरच्या वाडीपर्यंत नेऊन आणलं. माझ्या मनगटी घड्याळामुळे कॉम्प्युटर बिचकत असेल, अशी शंका आली तेव्हा घड्याळ काढून ठेवायला लावलं. गाडी तरीही बंद पडली, आणि घड्याळ त्यांनी "आणलंच आहे तर" म्हणून उघडलं. बंद पडायला तिला खड्डा लागे किंवा दमट हवा. बहुधा दोन्ही. वही करून ते प्रत्येक वेळची जागा लिहून ठेवत. ती वही म्हणजे उमरेड रस्त्याचा बारीकसारीक नकाशाच झाला होता. पाचगावच्या चहावाल्यानं तर आम्हाला थांबायचं कारण विचारणं सोडून दिलं. लांबून काळी गाडी गचके खाताना दिसली की तो तीन कप आधण वाढवी. आबाजी या सगळ्यात पुढच्या सीटवर शांत बसून असत, हात जुडीवर. मधूनच म्हणत, "इंजिनातच काही असन. तारेचं तर पक्कं आहे."

"तारेचं पक्कंच आहे, बाबा," साडू बॉनेटमधून डोकं न काढता म्हणत.

एका रविवारी मात्र गाडी अर्ध्या वाटेवर अशी रुसली की आम्हाला ट्रकला दोर बांधून नागपूरला परत यावं लागलं. तिकडे आत्याबाईंनी शेजारणीकडून वडाभात करवून घेतला होता. त्या दिवस मावळेपर्यंत दारात बसून होत्या, हे आम्हाला मागाहून कळलं.  त्या आठवड्यात आबाजी पुन्हा फरशीच्या कडेला बसू लागले. मी साडूंना स्पष्ट म्हणालो, "भाऊजी, तो डबा काढून फेका. पहिल्यासारखी करा गाडी." ते कधी नव्हे इतके हळू बोलले. "डबा काढला तं तारा काढा लागतीन, मास्तर." मला वाटलं, कामाचा कंटाळा. या माणसाला कामाचा कंटाळा येईल असं वाटणारा मी किती दमलो असेन ते यावरून समजावं.

मग एका एप्रिलमधल्या शनिवारी उमरेडहून शेजारचा माणूस निरोप घेऊन आला. आत्याबाईंचं अन्न तुटलं होतं. शुद्ध येई-जाई. शुद्धीत आल्या की एकच म्हणत, दादाले आणा. मी टॅक्सी बघतो म्हणालो. आबाजींनी काठी जमिनीवर ठेवली. "माह्या हातची गाडी दारात उभी असताना दुसऱ्याच्या गाडीत कायले जाऊ? उद्या आपला रविवारच आहे, सकाळीच निघू." एवढं बोलून ते जेवून दुपारची झोप घ्यायला आत गेले. साडू गाडीचं दार उघडून सीटखाली वाकले. उद्याही ती अर्ध्या वाटेवर बंद पडली असती तर पुढच्या महिन्याचा रविवार मिळण्यासारखा नव्हता, हे मलासुद्धा कळत होतं.

"बुढा तीनपर्यंत झोपते," ते म्हणाले. "पुस्तक काढा, मास्तर. सातवी वाचा."

मी वाचली. सगळे सांधे उघडून तपासा.

भर दुपारी, पत्रा हाताला चटका देत होता अशा वेळी, ते गाडीत आडवे शिरले आणि लुगड्याचा काठ हळूहळू सोडवू लागले. किती वेढे, कुठे सुरुवात, कुठे शेवट, हे त्यांनी मला खडूनं दारावर लिहून घ्यायला लावलं. एका सांध्यावरची काळी पट्टी त्यांनी नखानं उचलली. वरून सांधा तसाच देखणा होता. आत तांबं केसाएवढं उरलं होतं. राखेनं ते खाल्लं होतं, बाकी सगळी हिरवी पांढरी भुकटी. त्यांनी पट्टी परत बसवली आणि अंगठ्यानं दाबून धरली.

"हे तुम्हाले माहीत होतं?" मी कुजबुजत विचारलं.

"तिसऱ्याच महिन्यात समजलं."

"मग दीड वर्ष आपण काय करून राहिलो होतो?"

"बाकीच्या तेवीस पायऱ्या," ते म्हणाले. मग हातातलं काम न थांबवता, "माग गेला तवापासून बुढा बोलत नव्हता, मास्तर. हे सांधे केले अन् भाकर मागून खाल्ली. आता त्याले मी सांगू का, का तुह्या हातच्या सांध्यानं गाडी बंद पडते म्हणून? वाटे, दुसरं काही तरी सापडन. दुसऱ्या कशानं चालन."

 दीड वर्ष मी ज्याला हेकट म्हणत होतो, तो माणूस घामानं निथळत सीटखाली पडला होता आणि मला त्याच्याविषयी एकदम इतकी माया वाटली की मी विनाकारण पुस्तिकेनं त्यांना वारा घालू लागलो.

त्यांनी नऊ नव्या अखंड तारा टाकल्या, एकही सांधा नसलेल्या. इंजिनाकडे जायला पत्र्यात भोक एकच होतं, म्हणून त्या जुन्या तारांच्या सोबतीनंच न्याव्या लागल्या. जुन्या तारांची दोन्ही टोकं सोडवून आत दडवली. त्या होत्या तिथेच राहिल्या, अठरा सांध्यांसकट, फक्त कशालाच जोडलेल्या नव्हत्या. मग लाल काठ दारावर लिहिल्याप्रमाणे, वेढ्याला वेढा, परत गुंडाळला. दारावरचा खडू मी रुमालानं पुसला. पावणेतीनला आम्ही ओट्यावर बसून हात धुऊन, काही घडलंच नसल्यासारखा चेहरा करून चहा पीत होतो.

रविवारी गाडी उमरेडपर्यंत एकदाही अडखळली नाही. पाचगावला चहावाला सवयीनं रस्त्यावर आला आणि आम्ही न थांबता पुढे गेलो, तेव्हा त्याच्या तोंडावर काळजी दिसली. आबाजींचा हात नेहमीसारखा जुडीवर होता. आत्याबाई शुद्धीवर होत्या. त्यांनी डोळे उघडून विचारलं, "जेवला का दादा?" आबाजी म्हणाले, "जेवलो." जेवले नव्हते. मग त्यांनी तिचा हात धरला आणि तासाच्या जागी चांगले चार तास बसून राहिले. निघताना ती म्हणाली, "गाडी बंद नाही पडली?" हे म्हणाले, "आता नाही पडत."

परतताना पाचगावला थांबलो. साडू चहावाल्याच्या रेडिओत शिरले, कारण तो चालू होता. मी गाडीपाशी आबाजींना चहा नेऊन दिला. त्यांनी कप बाजूला ठेवला, माझा हात धरून त्या लाल काठावर ठेवला आणि म्हणाले, "पाहा, मास्तर. चिमटीत धरून पाहा."

मी धरलं. मला काय कळणार?

"नऊ तारांची जुडी एवढी मोटी नाही राहत," ते म्हणाले. "ह्या अठरा आहेत. मी सकाऊन बसल्या बसल्याच मोजल्या." त्यांनी चहाचा घोट घेतला. "माहा सांधा सुताचा आहे. तांब्याले राख नाही चालत, हे मले कोणी सांगितलं नाही. त्यानं काढून नाही फेकला पण." रेडिओच्या खोक्यात बुडालेल्या आपल्या मुलाच्या पाठीकडे ते बराच वेळ पाहत होते. "त्याले सांगू नको. लपवाले लय मेहनत घेतली त्यानं."

आठवडाभरात आत्याबाई गेल्या. आबाजी त्यानंतर वर्षभर होते आणि फरशीच्या कडेला बसलेले मी त्यांना पुन्हा पाहिले नाहीत. ते दारातल्या गाडीत जाऊन बसत. पुढे गाडीही गेली. ती जुडी तेवढी साडूंनी काढून ठेवली, काठासकट.

आता साडू निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. हात कापतो, तरी पेचकस खिशात असतो. अजूनही रविवारी येतात. आमच्या घरात चालू असलेली वस्तू आता फारशी राहिलेली नाही, पण जी आहे ती माझी बायको ते येण्याआधी बंद करून ठेवते. चहा झाला की विषय त्या एप्रिलवर येतोच. ते माझ्याकडे पाहून हसतात आणि म्हणतात, "काही म्हणा मास्तर, बुढ्याले अखेरपर्यंत समजलं नाही." इतक्या रविवारांच्या थकव्यात हे एक वाक्य बोलतानाच त्यांचा चेहरा खरा निवांत झालेला असतो. मी मान हलवतो, आणि सातवी पायरी सोडून आठवीवर जातो.